सिलिंडर किती दिवस पुरतो, ते आधी लिहा

इथे गुहागरजवळ अंजनवेलच्या बाजूला गॅसचं जहाज दिसलं की शेजारच्या काकू म्हणतात, "आला गो गॅस, आता स्वस्त होईल." काकूंना कितीदा सांगितलं, तो गॅस वेगळा. तो मिथेन, उणे १६२ अंशांना थंड करून आणलेला, पुढे पाइपातून जाणारा. आपल्या लाल सिलिंडरात असतात प्रोपेन आणि ब्यूटेन. त्यातला निम्म्याहून जास्त माल परदेशातून, तोही बहुतेक आखातातून होर्मुझची सामुद्रधुनी ओलांडून येतो. तिकडे काही बिनसलं की इथे गुहागरात आमचा चहा महागतो. दर काही आपल्या हातात नाही. वजन आणि दिवस मात्र आहेत.

सिलिंडर लावला की कॅलेंडरवर तारीख लिहा. माझा एरवी पस्तीस दिवस जातो, मागच्या पावसात बाविसाव्या दिवशी संपला. घेताना वजन केलं नव्हतं, आता भांडणार कोणाशी? तेव्हापासून सील तोडायच्या आधी काट्यावर ठेवते. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं. समजा १५.९ किलो, तर त्यात १४.२ मिळवून काटा ३०.१ दाखवायला हवा. कमी भरला तर परत द्या, लाजू नका. मोबाइलवर येणारा डिलिव्हरीचा कोड सिलिंडर दारात आल्यावरच सांगायचा, आणि पैसे पावतीवर आहेत तेवढेच. गोदामातून स्वतः उचलत असाल तर घरपोच आणण्याचा खर्च बिलातून वजा केला आहे का, तेही बघा.

रबरी नळीवरची मुदत बघा, जोडाला साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले तर रेग्युलेटर बंद करून १९०६ ला फोन.

आता खरी बचत. उकड्या तांदळाची पेज आणि आंघोळीचं पाणी, हे दोघे गॅस खातात. दोन्ही मी चुलीवर नेली. मे महिन्यात बेगमी करतानाच नारळाची सोडणं, करवंट्या, वाळकी चुडतं म्हणजे झावळ्या पडवीत रचून ठेवते. जूनमध्ये आठवण झाली तर नुसता धूर. कुळीथ, वाल रात्रीच भिजत घालायचे आणि कुकरात शिजवायचे. इंडक्शन आहे माझ्याकडे, पण वाऱ्यापावसात वीज गेली की त्यावर भाजी निवडायची.

जोडसिलिंडर असेल तर दुसरा लावल्याच्या दिवशीच बुकिंग करा, दर उतरायची वाट बघत बसू नका. गणपतीचे दिवस मी हिशेबात धरत नाही. उकडीचे मोदक काय मोजून करायचे!