न्हावा-शेव्यात निर्यातीच्या कागदांवर काम सुरू करताना

फेब्रुवारी-मार्चमध्ये दिंडोरी, निफाडकडून निघालेला द्राक्षांचा रीफर, म्हणजे थंड ठेवणारा कंटेनर, बंदराच्या गेटवर अडला, की एक ट्रेलर अडला एवढंच नव्या माणसाला दिसतं. पण त्या कंटेनरमागे खुडणीची टोळी असते, पॅकहाऊसमध्ये घड छाटणाऱ्या बाया असतात, खोकी-पॅलेटवाला आणि ट्रेलरवाला असतो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं नाकारली गेली, तेव्हा फटका थेट बागायतदाराला बसला. म्हणून इथला प्रत्येक आकडा जपून भरायचा.

सुरुवात कंटेनर नंबरपासून करा. चार अक्षरं, सहा अंक आणि शेवटी चौकटीतला तपास अंक. सीएसक्यूयू ३०५४३८ चा तपास अंक ३ येतो. घाईत ३०४५३८ लिहिलं तर तोच अंक १ यायला हवा, म्हणजे चूक तिथंच पकडता येते. नंबर व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मजकुरातून उचलू नका. कंटेनरच्या दाराचा फोटो मागवा आणि सीलचा नंबरही त्यातूनच वाचा. शिपिंग बिल (कस्टमकडे दाखल करायचं निर्यातीचं घोषणापत्र), वजनाचा दाखला आणि बी.एल. (जहाज कंपनीची मालाची पावती) या तिन्हींत एका अंकाचा जरी फरक पडला, तरी कटऑफ, म्हणजे जहाजासाठी कंटेनर आत घेण्याची शेवटची वेळ, हातातून जातो.

वजनाचा दाखला, म्हणजे व्हीजीएम, १ जुलै २०१६ पासून सक्तीचा आहे. भरलेला कंटेनर काट्यावर घ्या, नाहीतर माल, खोकी, पॅलेट आणि रिकाम्या कंटेनरचं वजन यांची बेरीज करा. बेरजेत हमखास विसरतात ते पॅलेट.

रीफरचं तापमान बुकिंगमध्ये अक्षरीही लिहा. द्राक्षांना साधारण उणे अर्धा ते शून्य अंश लागतं. ‘-०.५’ मधलं उणे चिन्ह किंवा दशांश चिन्ह गळलं, तर माल पोहोचेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. रीफर गरम माल थंड करत नाही, थंड माल थंड ठेवतो. म्हणून प्रीकूलिंगची (भराईआधी माल थंड केल्याची) नोंद पाहिल्याशिवाय भराई सुरू करू देऊ नका. २०२३ च्या अखेरीपासून तांबडा समुद्र टाळून जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, प्रवासाचे दिवस वाढले. अशा वेळी सुरुवातीची ढिलाई शेवटी सडलेल्या घडांत दिसते.

शिपिंग बिल दाखल करण्याआधी कस्टम ब्रोकर (निर्यातदारातर्फे कस्टमचं काम करणारा) चेकलिस्ट पाठवतो. ती नुसती ‘ओके’ करून परत पाठवू नका. एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गवारीचा आकडा (ताज्या द्राक्षांचा ०८०६१०००), निर्यातदाराच्या बँकेचा एडी कोड, पॅकेजची संख्या आणि फायटोवरचं (रोग-कीडमुक्तीच्या दाखल्यावरचं) नाव इन्व्हॉइसशेजारी ठेवून बोटानं वाचा. लेट एक्सपोर्ट ऑर्डर (माल निर्यातीला सोडायची कस्टमची परवानगी) मिळाल्यावर दुरुस्ती करायची तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम १४९ खाली अर्ज करावा लागतो, आणि त्यात दिवस जातात.

कस्टम ब्रोकरकडे नोकरी लागली तर सुरुवात बहुधा एच कार्डानं (मदतनिसाच्या ओळखपत्रानं) होते. कागदांवर सहीचा अधिकार हवा असेल तर परीक्षा देऊन जी कार्ड काढा. तयारी पहिल्याच वर्षी सुरू करा, पुढे हंगामात पुस्तक उघडायला वेळ मिळत नाही.

जहाज सुटलं म्हणजे काम संपलं असं समजू नका. ईजीएम (जहाजानं नेलेल्या मालाची यादी) बरोबर दाखल झालं का, ते आइसगेट या कस्टमच्या पोर्टलवर बघा. चाकणच्या सुट्या भागांसारख्या मालात आयजीएसटीचा परतावा असतो. जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रातला इन्व्हॉइस नंबर शिपिंग बिलाशी जुळला नाही तर एसबी००५ ही चूक येते आणि परतावा थांबतो. मधली एक आडवी रेघ सुटली तरी पुरतं. लहान कारखानदाराचं खेळतं भांडवल त्यातच अडकतं, म्हणून त्याच्या अकाउंटंटला इन्व्हॉइस नंबर जसाच्या तसा शिपिंग बिलावरून कळवा.