जुना फायबरचा रायफल स्टॉक ओळखला एकदाचा (माझा अनुभव)

इथे टेक्सासमध्ये इस्टेट सेलला (घरातलं सगळं सामान विकायला काढतात तो सेल) रेमिंग्टन 700 या रायफलीचा जुना स्टॉक, म्हणजे नळी आणि यंत्रणा बसवतात तो दस्ता, घेतला, नुसताच, बंदूक नव्हती. नाव नाही, नंबर नाही, वर कोणीतरी जाडसर हिरवा रंग मारलेला. फोटो सर्च केला, दोन दुकानांत दाखवला, एकाने तर प्लॅस्टिक म्हणून मोडीत काढला. डोकं उठलं होतं.

शेवटी जमलं ते असं: आधी मागच्या रबरी पॅडचे दोन स्क्रू काढले, मग नुसता स्टॉक किचनच्या काट्यावर ठेवला, 680 ग्रॅम, म्हणजे 24 औंस, साधा लाकडी यापेक्षा बराच जड असतो. मग टॉर्च घेऊन आत जिथे रंग पोचला नव्हता तिथे बघितलं तर कापडासारखी पिवळी वीण आणि कापलेल्या कडेला मऊ कुसळं, म्हणजे केवलर (बुलेटप्रूफ जॅकेटमध्ये वापरतात तो धागा), हाताने थर देऊन केलेलं. काळी वीण असती तर कार्बन, पांढुरकी असती तर फायबरग्लास, आणि साच्यात ओतलेल्या स्वस्त स्टॉकला वीणच दिसत नाही. मग स्टॉक कुठल्या अ‍ॅक्शनचा (गोळी भरायच्या यंत्रणेचा), .308 काडतुसाच्या शॉर्ट की त्याहून लांब .30-06 च्या लाँग, ते मित्राच्या रायफलीवरून ताडून घेतलं, आणि स्क्रूच्या भोकांपाशी तडे नाहीत ना तेही.

किमतीसाठी गनब्रोकर या बंदुकांच्या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर विकल्या गेलेल्याच लिलावांचे आकडे बघा, लोक मागतात ते भाव सोडा. आणि रंग खरवडू नका!