पाणी नितळ दिसतंय म्हणून पिताय? या चुका टाळा

विहिरीचं पाणी ग्लासात धरून बघायचं, तळ स्वच्छ दिसला की झालं, पाणी चांगलं. सगळ्यात मोठी चूक हीच, कारण कॉलराचे जंतू असोत की आर्सेनिकसारखं विष, डोळ्याला दिसत नाही आणि जिभेलाही कळत नाही. १८५४ मध्ये लंडनला कॉलरा पसरला तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटच्या एका पंपापर्यंत माग काढला. एका बाईला त्या पंपाचं पाणी इतकं आवडायचं की दूर राहायला गेल्यावरही ती तेच मागवून प्यायची, आणि त्यातच गेली बिचारी.

दुसरं म्हणजे उकळलं की सगळं मिटलं असं समजणं. उकळी फुटल्यावर मिनिटभर खळखळू दिलं की जंतू मरतात, हे खरंय, पण नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक तिथेच राहतात, उलट २ लिटर पाणी आटवून १ लिटर केलंत तर त्यांचं प्रमाण दुप्पट होतं. तान्ह्या बाळाची दुधाची पावडर कालवताना हे फार जपा, जास्त नायट्रेटने बाळाचं रक्त ऑक्सिजन नीट वाहून नेऊ शकत नाही आणि अंग निळं पडतं. बोअरचं पाणी असेल तर लॅबमध्ये तपासून घ्याच. टीडीएस मीटरवर विसंबू नका, तो विरघळलेल्या क्षारांचा फक्त अंदाज देतो, जंतूंचं त्याला काही कळत नाही.

पाणी गढूळ असेल तर? तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, पण जंतू मारायला तेवढं पुरत नाही. आणि गढूळ पाण्यातच क्लोरीन टाकलं तर ते त्या घाणीतच खर्ची पडतं. म्हणून आधी निवळू द्या, कापडाने गाळा, मग क्लोरीन टाका आणि निदान ३० मिनिटं थांबा.

पाऊस जोराचा झाला आणि विहिरीच्या पाण्याचा रंग किंवा वास बदलला तर वरचं पाणी आत शिरतंय, कठडा, भेगा आणि जवळचा शौचखड्डा आधी बघा, नुसतं औषध टाकत बसू नका.

आणि इतकं सगळं करून शेवटी पिंपात ग्लास बुडवतो आपण, बोटांसकट! लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, नाहीतर नळाचं पिंप घ्या, आणि झाकण लावा.