आजोबांचं बॉम्बर विमान कुठं आणि कसं पडलं, हे कसं शोधायचं

आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात दुसऱ्या महायुद्धाचं नाव काढलं की सगळे मराठा लाइट इन्फंट्रीचं बोलतात आणि ते बरोबरच आहे, पण एअरफोर्समध्ये गेलेली पोरंही इथलीच होती आणि त्यांच्या घरी आता एक फोटो, एखादं मेडल आणि "ब्रह्मदेशात विमान पडलं" एवढंच उरलंय. नातवंडं आता शोधायलेत, पण सुरुवातच चुकीच्या टोकापासून होते म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

पहिलं काम म्हणजे घरातली ट्रंक उघडा. तार, पेन्शनचा कागद, मेडलचा डबा, जे असेल ते काढा आणि तीन गोष्टी बघा: सर्व्हिस नंबर, मृत्यूची तारीख, स्क्वाड्रनचा नंबर. तिन्ही मिळाल्या तर नशीब, नाहीतर नुसत्या तारखेवरही बरंच पुढं जाता येतं. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई इलाख्यात, म्हणजे नंतरच्या मुंबई राज्यात होतं, त्यामुळे जुन्या कागदात कर्नाटक शोधून काहीच मिळणार नाही, बॉम्बे आणि बेलगाम असं शोधा. त्यातही शहापूरसारखे भाग सांगली संस्थानात होते, कुठली गावं कोल्हापूरकडं, कुठली जमखंडीकडं, म्हणजे पत्त्यात सांगली किंवा कोल्हापूर दिसलं तर हा आपला माणूस नव्हे म्हणून सोडून देऊ नका. आडनावाचं स्पेलिंगसुद्धा तसंच, साहेबानं कानाला लागलं तसं लिहिलंय, जाधवमध्ये व्ही असेल नाहीतर डब्ल्यू, वडिलांचं नाव पुढं आलेलं असेल, म्हणून चार-पाच प्रकारे टाकून बघा.

मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर जा, फुकट आहे. ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सेवेत असताना गेलेल्यांची नोंद तिथं असते. सर्च करताना रेजिमेंटचा फिल्टर लावू नका, कारण इंडियन एअरफोर्सला 'रॉयल' हे नाव मार्च १९४५ मध्ये लागलं आणि नोंदी दोन्ही नावांनी सापडतात. थडगं सापडलं नसेल तर नाव बहुतेक क्रांजी इथल्या सिंगापूर मेमोरियलवर असतं, आशियातल्या या भागात बेपत्ता झालेल्या वैमानिकांची नावं तिथं कोरलीत. तिथं नाव दिसलं म्हणून माणूस सिंगापूरला गेला असं मात्र समजू नका, देह मिळाला नाही एवढाच त्याचा अर्थ. आपल्या जवळची म्हणजे पुण्यातली खडकी वॉर सेमेटरी, तीही तपासा.

आता विमान. घरची मंडळी नुसतं 'बॉम्बर' म्हणतात, पण हलके बॉम्बर वेगळे आणि त्यांच्यातले माणसांचे आकडे ठरलेले. ब्लेनहाइममध्ये तिघं, पायलट, नेव्हिगेटर आणि वायरलेस बघणारा गनर. व्हेंजन्स या अमेरिकन डाइव्ह बॉम्बरमध्ये दोघं, मॉस्किटोतही दोघंच. "आजोबांबरोबर आठ जण होते" असं घरात सांगत असतील तर ते विमान दुसरंच, बहुतेक मोठं लिबरेटर वगैरे. इंडियन एअरफोर्सच्या ७ आणि ८ नंबर स्क्वाड्रनकडं व्हेंजन्स होती, ८ नंबर ब्रह्मदेशातल्या आराकानच्या बाजूला लढली आणि ७ नंबर १९४४ च्या इंफाळच्या लढाईत, त्यामुळे आपल्या माणसाचं नाव या दोन ठिकाणी सापडण्याची शक्यता चांगली आहे.

स्क्वाड्रन कळली की लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमधल्या एअर २७ या मालिकेतल्या वह्या बघा, बऱ्याचशा ऑनलाइन मिळतात. फॉर्म ५४० म्हणजे रोजची हकीकत आणि फॉर्म ५४१ म्हणजे प्रत्येक उड्डाणाची ओळ. ही ओळ नीट वाचा: विमानाचा नंबर, माणसांची नावं, उडाल्याची वेळ, उतरल्याची वेळ. जे विमान परत आलं नाही त्याच्यापुढं उतरल्याच्या वेळेचा रकाना मोकळा असतो आणि शेजारी 'फेल्ड टू रिटर्न' किंवा 'मिसिंग' एवढेच शब्द. पहिल्यांदा ती ओळ घरच्यांना दाखवताना शेजारी बसा, एकट्यानं वाचायला देऊ नका.

विमानाचा नंबर उतरवून घेताना सावध राहा. एक अक्षर आणि चार आकडे, किंवा दोन अक्षरं आणि तीन आकडे, हा खरा सीरियल नंबर. फोटोत विमानाच्या बाजूवर रंगवलेली मोठी अक्षरं ती स्क्वाड्रनची खूण, एक विमान गेलं की तेच अक्षर दुसऱ्याला द्यायचे. त्या अक्षरावरून शोधलं तर भलत्याच विमानाची कथा आपल्या आजोबांच्या नावावर लागते.

इथून पुढं सगळ्यात महत्त्वाचं, शत्रूनं पाडलं की अपघात झाला. घरात बहुतेक वेळा "जपान्यांनी पाडलं" असंच सांगितलेलं असतं. लढाईत हलके बॉम्बर भयंकर संख्येनं गेले हे खरंच आहे, १७ मे १९४० ला ८२ नंबर स्क्वाड्रनची बारा ब्लेनहाइम बेल्जियममधल्या जांब्लूवर गेली आणि त्यातली अकरा पडली, एकच परतलं, आणि १३ ऑगस्टला डेन्मार्कच्या आल्बोर्गवर त्याच स्क्वाड्रननं पुन्हा अकरा गमावली. पण खूप माणसं सरावात, टेकऑफला, ढगात गेली. ब्लेनहाइमच्या पुढच्या पंख्याचा पिच, म्हणजे पात्यांचा कोन, बदलायचा कंट्रोल पायलटच्या मागच्या बाजूला होता, हातानं चाचपून लावायचा, आणि तो चुकून 'कोर्स' म्हणजे जास्त कोनावर राहिला तर टेकऑफला ताकदच मिळायची नाही. एक इंजिन बंद पडलं तर त्याचा पंखा फेदर करून वाऱ्याला आडवा येणार नाही असा फिरवायची सोय नव्हती, मग भरलेलं विमान एका बाजूला खेचत जायचं. मॉस्किटो लाकडाचं, त्याच्या पंखांचे चिकटवलेले सांधे आपल्या हवेत सुटायला लागले आणि नोव्हेंबर १९४४ मध्ये इकडची मॉस्किटो जमिनीवर ठेवावी लागली, चौकशीत कारखान्यातल्या जोडणीचेही दोष निघाले. आणि पावसाळा. जुलैत चोर्ला घाटात गाडी चालवणाऱ्याला आराकानच्या डोंगरातले ढग समजावून सांगायला नकोत.

त्यामुळे ब्रिटिशांच्या रॉयल एअरफोर्सच्या विमानाचा अपघात वाटला तर लंडनच्या आरएएफ म्युझियमला फॉर्म ११८० मागा, ही अपघाताची कार्डं, त्यावर विमानाचा प्रकार, तारीख आणि कारण थोडक्यात लिहिलेलं असतं. ईमेलमध्ये सीरियल नंबर आणि तारीख एवढं टाकलं तरी पुरतं, आजोबांचं सगळं चरित्र लिहीत बसू नका. इंडियन एअरफोर्सच्या एअरमनची सर्व्हिस हिस्ट्री हवी असेल तर दिल्लीच्या सुब्रतो पार्कमधल्या एअरफोर्स रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा, सोबत वारसाचा पुरावा जोडा. बेळगावच्या सैनिक कल्याण ऑफिसमध्ये अर्ज कसा करायचा ते विचारून घ्या, आणि घरचे कागद कन्नडमध्ये असतील तर भाषांतर आधीच करून ठेवा, म्हणजे हेलपाटा वाचेल.

बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळाबद्दलही सांगतो, कारण प्रत्येक जण विचारतो. तिथली धावपट्टी १९४२ ची, ब्रिटिशांनी बांधलेली, पण म्हणून आपल्या गावचा माणूस तिथूनच उडाला असं होत नाही. वहीत स्क्वाड्रनचं ठाणं लिहिलेलं असतं, तेच धरा.

दोन वेगवेगळ्या कागदांत तारीख आणि विमानाचा नंबर जुळला तरच गावातल्या फलकावर काही कोरा. एकातच असेल तर अजून थांबा. अपघात निघाला तर तसंच लिहा, "विमान अपघातात, कर्तव्यावर असताना", आणि खाली तारीख, स्क्वाड्रन, विमानाचा प्रकार. बरोबरच्या पायलटचं, गनरचं नावही त्याच फलकावर घाला, तो यॉर्कशायरचा असला तरी, कारण ते एकाच विमानात होते आणि त्याच्या घरच्यांनाही कुणीतरी हे सांगितलेलं नसेल.