जुना पॉवर सप्लाय चालू करण्याआधी या चुका टाळा

"काका, प्लग लावला, पाच मिनिटं छान चालला आणि मग धूर आला." नव्या हॅम (हौशी रेडिओ) मंडळींचा फोन बहुतेक वेळा इथून सुरू होतो. कोणाकडे हीथकिटचा एचपी-२३ असतो, कोणाकडे कॉलिन्सचा ५१६एफ-२, तर कोणाकडे दोन-चार ३०५५ पॉवर ट्रान्झिस्टर लावून घरीच बांधलेला १३.८ व्होल्टचा. सायलेंट की झालेल्या, म्हणजे वारलेल्या, एखाद्या ओएमच्या (हॅम मित्राच्या) घरून आलेला, नाहीतर जुन्या बाजारात वजनावर घेतलेला. वीस-तीस वर्षं माळ्यावर पडून होता, पण घरी आणल्याच्या रात्रीच तो चालला पाहिजे! जुने सप्लाय वयानं क्वचित मरतात. ते मरतात या पहिल्या रात्री.

"लावून तर बघू"

इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमध्ये अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा पातळ थर असतो, आणि तोच त्याचं इन्सुलेशन. वर्षानुवर्षं व्होल्टेज मिळालं नाही की हा थर कमकुवत होतो. अशा कंडेन्सरला एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं की लीकेज वाढतं, तो आतून तापतो, वायू होतो आणि डबा फुटतो. एवढं आता सगळ्यांना माहीत झालंय. म्हणून सगळे एकमेकांना एकच सल्ला देतात: डिमरस्टॅटवर (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) हळूहळू चढव.

हा सल्ला अर्धवट आहे, आणि अर्धवट सल्ल्यानं जितके ट्रान्सफॉर्मर जळलेले मी पाहिलेत तितके अज्ञानानं जळलेले पाहिले नाहीत.

एका हुशार, वाचणाऱ्या मुलाची गोष्ट. त्याच्याकडे ५यू४ आणि ५आर४ रेक्टिफायर (ए.सी.चं डी.सी. करणारे) व्हॉल्व्ह असलेला सप्लाय आला. गड्यानं रविवारी सकाळी डिमरस्टॅट लावला आणि तासाला दहा-दहा टक्के चढवत बसला. मीटर एच.टी.वर, म्हणजे व्हॉल्व्हना लागणाऱ्या उच्च व्होल्टेजवर. दुपारपर्यंत मीटर शून्यावरच. याला वाटलं, कंडेन्सर शांतपणे 'फॉर्म' होतायत, म्हणजे ऑक्साइडचा थर पुन्हा तयार होतोय. होत काहीच नव्हतं. व्हॉल्व्हचा फिलामेंट पुरेसा तापल्याशिवाय तो करंट सोडतच नाही, म्हणजे कंडेन्सरला अजून एक व्होल्टही मिळालेला नव्हता. साठ-सत्तर टक्क्यांच्या आसपास फिलामेंटला जाग आली आणि कंडेन्सरवर एका झटक्यात काहीशे व्होल्ट आले. डबा फुटला, आतला लगदा भिंतीवर. तेवढ्यावर भागलं असतं, पण आधीच्या मालकानं आत १० अँपिअरचा फ्यूज बसवून ठेवला होता. कंडेन्सर शॉर्ट, रेक्टिफायर शॉर्ट, फ्यूज ठणठणीत आणि ट्रान्सफॉर्मरचं एच.टी. वाइंडिंग कोळसा. कंडेन्सर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला मिळतो, व्हॉल्व्हही शोधला तर मिळतो. ट्रान्सफॉर्मर मिळत नाही. तो पुन्हा गुंडाळून घ्यावा लागला, आणि ७००-८०० व्होल्टचं वाइंडिंग थराथरात नीट कागद घालून गुंडाळणारा कारागीर आता हुडकावा लागतो.

म्हणून लक्षात ठेवा. सिलिकॉन डायोडचा सप्लाय असेल, एचपी-२३ सारखा, तर डिमरस्टॅट कामाचा. व्हॉल्व्ह रेक्टिफायर असेल तर त्या वेळेपुरते डायोड लावा, किंवा कंडेन्सर सोडवून बाहेर काढा. दुसरं म्हणजे डिमरस्टॅट व्होल्टेज कमी करतो, करंट अडवत नाही. तो ऑटो-ट्रान्सफॉर्मर असल्यामुळे मेन्सपासून वेगळंही करत नाही. करंट अडवायला सिरीज बल्ब लागतो, आणि तो फिलामेंटचाच. एका पठ्ठ्यानं सिरीजला एलईडी बल्ब लावून "सप्लाय शॉर्ट आहे का ओपन, काहीच कळत नाही" म्हणून विचारलं होतं. व्हॉल्व्ह आणि रिग (रेडिओ सेट) काढून ठेवले असतील तर १०० वॉटचा बल्ब पुरतो: चालू करताच चमकून मंद झाला तर ठीक, चमकतच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. रिगची हीटर जोडलेली असतील तर बल्ब तसाही पेटतच राहणार, त्यावरून निदान करू नका.

मी स्वतः काय करतो? चाळीस वर्षांपेक्षा जुना इलेक्ट्रोलिटिक फॉर्म करत बसत नाही, बदलतो. संग्रहासाठी मूळ डबा जपायचाच असेल तर प्रत्येक कंडेन्सर एका टोकानं सोडवून, २२ किलोओहमच्या रेझिस्टरमधून वेगळ्या डी.सी.वर टप्प्याटप्प्यानं चढवतो. रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजलं की लीकेज कळतं. पूर्ण व्होल्टेजवर तासाभरात ते एखाद्या मिलिअँपिअरखाली आलं नाही, किंवा डबा कोमट लागला, तर फेकून देतो. आणि हे सगळं होण्याआधी प्लग न लावता ओहममीटरनं सगळं तपासतो: प्रायमरी ते चॅसिस, प्रत्येक सेकंडरी ते चॅसिस, चोक, प्रत्येक डायोड, प्रत्येक रेझिस्टर. मेगर (उच्च व्होल्टेजवर इन्सुलेशन तपासणारं मीटर) मिळाला तर ट्रान्सफॉर्मरला लावतोच, पण सेकंडरीचा चॅसिसला जाणारा मधला टॅप आधी सोडवून. यात अख्खी संध्याकाळ जाते. जाऊ दे.

भरलेला कंडेन्सर

४० मायक्रोफॅरडवर ८०० व्होल्ट म्हणजे जवळजवळ १३ जूल. ब्लीडर रेझिस्टर (कंडेन्सरवर कायम जोडलेला, बंद केल्यावर तो रिकामा करणारा) शाबूत असेल तर ते अर्ध्या मिनिटात उतरतं. पण रोज तापतो ब्लीडरच, आणि पहिल्यांदा ओपन होतो तोही ब्लीडरच. त्यामुळे "बंद करून दहा मिनिटं झाली" याला काही अर्थ नाही. मोजा. स्क्रूड्रायव्हरनं ठिणगी पाडून डिस्चार्ज करणाऱ्यांना मी माझ्या टेबलाजवळ येऊ देत नाही. दोन-तीन किलोओहम, १० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर, चांगल्या इन्सुलेशनची वायर, एक मगरक्लिप चॅसिसला, बस्स. डिस्चार्ज केल्यावर ती क्लिप तशीच लावून ठेवा, कारण मोठे कंडेन्सर मोकळे केल्यावरही स्वतःहून काही व्होल्ट परत चढवतात.

चोक-इनपुट सप्लायमध्ये (रेक्टिफायरनंतर आधी चोक म्हणजे कॉइल, मग कंडेन्सर) ब्लीडरचं काम याहून मोठं असतं. तो गेला आणि लोड नसला की आउटपुट सेकंडरीच्या आर.एम.एस. व्होल्टेजच्या ०.९ पटीवरून थेट १.४ पटीला जातं. ८०० ची अपेक्षा असते आणि मीटर १२०० च्या वर!

११७ व्होल्ट म्हणजे ११७ व्होल्ट, आणि ६० हर्ट्झ म्हणजे ६० हर्ट्झ

अमेरिकेहून आलेला सप्लाय स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर लावला की काम झालं असं लोक समजतात. आपल्याकडे २३० म्हणतात, पण रात्री उशिरा २५० सुद्धा येतात. साधा २३०/११० चा स्टेप-डाउन तेव्हा जवळपास १२० देतो.

खरी गोम फ्रिक्वेन्सीची आहे. ट्रान्सफॉर्मरच्या कोअरमधला फ्लक्स व्होल्टेज भागिले फ्रिक्वेन्सी या प्रमाणात असतो. ६० हर्ट्झवर ११७ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर तेवढाच आरामात राहावा असं वाटत असेल तर त्याला ९७.५ व्होल्टच द्यायला हवेत. तेवढेच दिले तर ६.३ चे फिलामेंट ५.२५ वर येतात आणि व्हॉल्व्ह उपाशी. पाटीवर ५०/६० लिहिलं असेल तर निश्चिंत राहा. फक्त ६० असेल तर मी १०५ च्या आसपास ठेवतो: फिलामेंट १० टक्के कमी, फ्लक्स ८ टक्के जास्त, दोघंही थोडं कुरकुरतात पण चालतं. यापेक्षा जास्त गुरगुर आणि उष्णता असेल तर तो सप्लाय शोकेसमध्ये ठेवायचा.

क्रोबार कापणे

हे वाचताना ज्याला स्वतःचा सप्लाय आठवेल त्यानं आज रात्री तो उघडावा.

१३.८ व्होल्टच्या लिनियर सप्लायमध्ये आत कच्चे २०-२४ व्होल्ट असतात. ७२३ हा रेग्युलेटर आय.सी. पास ट्रान्झिस्टरांना (ज्यांच्यातून सगळा करंट रिगला जातो) हाकत ते खाली आणतो. पास ट्रान्झिस्टर कलेक्टर-एमिटर शॉर्ट झाला की ते कच्चे व्होल्ट सरळ रिगला. हे होऊ नये म्हणून क्रोबार असतो: आउटपुट १५-१६ च्या वर गेलं की एससीआर (गेटवर इशारा मिळताच चालू होणारा स्विच) पेटतो, आउटपुट शॉर्ट करतो आणि फ्यूज उडवतो. फ्यूज उडणं हे त्याचं काम आहे.

आमच्या ओळखीच्या एकाचा फ्यूज ४० मीटर बँडवर माइक दाबला की उडायचा. शेजारच्या एका जाणकारानं सांगितलं, "क्रोबार नाजूक असतो, गेटची वायर काप." कापली. फ्यूज उडणं बंद, जाणकाराचा जयजयकार. पुढे मे महिन्यातल्या एका दुपारी, लांबलेल्या गप्पांच्या मध्येच एक ३०५५ शॉर्ट झाला आणि रिगमध्ये २२ व्होल्ट घुसले. आत १६ व्होल्टचे कंडेन्सर होते, ते पॉपकॉर्नसारखे उडाले. त्यांच्यामागून ड्रायव्हर गेला, फायनल (शेवटचे पॉवर ट्रान्झिस्टर) गेले. रिगच्या तोंडाशी असलेला डायोड उलट पोलॅरिटीसाठी असतो, जास्त व्होल्टेजला तो काही करत नाही.

सप्लाय उघडला तेव्हा सगळी कुंडली कळली. एका ट्रान्झिस्टरचा एमिटर रेझिस्टर ओपन, म्हणजे त्याच्या वाटचा करंट बाकीच्यांच्या डोक्यावर. अभ्रकाच्या चकतीखालची पेस्ट वाळून खडू झालेली. आणि मुळात फ्यूज उडायचा तो एससीआरच्या गेटवर आर.एफ. (ट्रान्समीटरची रेडिओ फ्रिक्वेन्सी) शिरत होतं म्हणून. गेटपासून कॅथोडला ०.०१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कंडेन्सर, आउटपुट वायरीवर फेराइट आणि अँटेनाची केबल सप्लायपासून लांब: एवढ्यानं ते बरं झालं असतं.

क्रोबार वारंवार पेटत असेल तर तो का पेटतोय ते शोधा. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणाऱ्यांना तर काय सांगणार. आणि हो, पास ट्रान्झिस्टर बदलताना सगळेच एका लॉटचे घ्या. बाजारात ३०५५ चा शिक्का मारलेले, आत चिमुकली चिप असलेले बरेच फिरतात. किंमत संशयास्पद असेल तर माल पण तसाच. व्होल्टेज लावायचा प्रीसेट जुना, खरखरीत असेल तर साफ करत बसू नका, बदला. त्याचा सरकता संपर्क सुटला तर बऱ्याच सर्किटमध्ये आउटपुट वर धावतं.

बायसचा कंडेन्सर उलटा लावणे

बायस, म्हणजे फायनल व्हॉल्व्हच्या ग्रिडचं व्होल्टेज, निगेटिव्ह असतो, म्हणून तिथल्या कंडेन्सरचा पॉझिटिव्ह चॅसिसला जातो. सगळीकडे निगेटिव्ह चॅसिसला लावायची हाताला सवय, त्यामुळे इथेच चूक होते. बायस गेला की ६१४६ या फायनल व्हॉल्व्हच्या प्लेट लाल होतात, काही सेकंदांत. फायनल सॉकेटमध्ये घालण्याआधी, एच.टी. जोडण्याआधी, बायस मोजा.

बाकीच्या, थोडक्यात

नवा कंडेन्सर जुन्याला समांतर लावू नका. जुना कापून वेगळा करा.

सिरीजमधल्या कंडेन्सरांवर समान रेझिस्टर लागतात. ४०० व्होल्टवर १०० किलोओहम म्हणजे १.६ वॉट; अर्ध्या वॉटचा लावला तर तो जळेलच, शिवाय तेवढं व्होल्टेज त्याला झेपतही नाही.

"आहेच जागा तर मोठा लावू" हा मोह ५यू४ नंतरच्या पहिल्या कंडेन्सरला नको. ४० मायक्रोफॅरड ही त्याची मर्यादा.

५यू४ च्या जागी डायोडचा प्लग लावला की एच.टी. चाळीस-पन्नास व्होल्टनं वाढतं आणि व्हॉल्व्ह गरम होण्याआधीच येतं. ३५० व्होल्टच्या सेकंडरीला ४९५ चं शिखर, आणि कंडेन्सर ४५० चा. हिशोब तुम्हीच करा.

दोन पिनी वायर काढा, तीन पिनी लावा, फ्यूज फेजमध्ये. मेन्सपासून चॅसिसला गेलेले जुने कागदी किंवा डिस्क कंडेन्सर काढून वाय-क्लासचे (मेन्स ते चॅसिस लावायला सुरक्षित) लावा. चॅसिसला हात लावला की झिणझिण्या येतात त्या बऱ्याचदा त्यांच्यामुळे.

दोनशे रुपयांच्या मीटरनं ८०० व्होल्ट मोजू नका.

हीथकिटच्या बऱ्याच सप्लायना स्वतःचा स्विच नाही. तो रिगवर असतो आणि २३० किंवा ११७ त्या केबलमधूनच रिगपर्यंत जातात. केबल चिरलेली असेल तर टेप गुंडाळू नका.

लोडशिवाय "झाला दुरुस्त" म्हणणे

रिकाम्या सप्लायवर १३.८ दिसणं म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. मी मोटारीच्या हेडलाइटचे ५५ वॉटचे बल्ब एका लाकडी फळीवर लावून ठेवलेत. एक बल्ब सुमारे ५ अँपिअर, चार लावले की २०. थंड बल्ब सुरुवातीला कितीतरी पट करंट ओढतो, म्हणून एकेक करून जोडा, एकदम चार नाही. प्रत्येक बल्बाला डी.सी. पाहा, मग मीटर ए.सी.वर टाकून रिपल (डी.सी.वर उरलेला ए.सी.) पाहा. रेग्युलेटेड सप्लायवर तो काही मिलिव्होल्टच असायला हवा. तिसऱ्या बल्बाला एकदम वाढला तर फिल्टर कंडेन्सर सुकलाय किंवा ब्रिजचा एक डायोड ओपन आहे.

एच.टी. सप्लायला बल्ब चालत नाहीत. तिथे टाइलवर बसवलेले वायरवाउंड रेझिस्टर, आणि मीटरच्या क्लिपा सप्लाय बंद असताना लावायच्या. अर्धा तास चालू द्या, बंद करा, डिस्चार्ज करा, मग ट्रान्सफॉर्मरला हात लावा. पाच सेकंदही हात ठेवता येत नसेल तर रिग जोडू नका, पुन्हा ओहममीटर उचला.