राजकीय कैदेवरचा चित्रपट कसा पाहावा: ‘हंगर’

स्टीव्ह मॅक्वीन यांचा ‘हंगर’ (2008) पाहण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी जाणून घ्यावी. ब्रिटिश सरकारने उत्तर आयर्लंडमधील सशस्त्र संघर्षात शिक्षा झालेल्या नव्या कैद्यांना 1976 पासून विशेष दर्जा (म्हणजे राजकीय कैद्यांसारखी वागणूक) नाकारला, आणि त्याविरुद्ध मेझ तुरुंगात 1981 साली झालेल्या उपोषणात बॉबी सँड्स (ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या ‘आयआरए’ या सशस्त्र संघटनेचे सदस्य) यांच्यासह दहा कैदी मृत्युमुखी पडले.

सुरुवातीच्या भागात संवाद फारच थोडे आहेत, त्यामुळे तपशिलांकडे लक्ष ठेवावे. तुरुंगाधिकारी आपल्या हाताचे सोलवटलेले सांधे बेसिनच्या पाण्यात बुडवतो, आणि ती जखम कैद्यांना मारताना झाली हे आपल्याला नंतर कळते. याच अधिकाऱ्याची पुढे आईसमोर होणारी हत्या पाहणे टाळू नये, कारण दिग्दर्शकाने हिंसेच्या दोन्ही बाजू दाखवल्या आहेत आणि माझ्या मते हीच या चित्रपटाची खरी ताकद आहे.

सँड्स आणि धर्मगुरू यांच्या संभाषणातील कॅमेरा न हलवता घेतलेला सुमारे 17 मिनिटांचा शॉट मध्ये न थांबवता पाहावा, आणि कोणाचा युक्तिवाद आपल्याला पटतो हे प्रामाणिकपणे तपासावे. उपोषणादरम्यान सँड्स ब्रिटिश संसदेवर निवडून आले होते. हा भाग कथेत विस्ताराने येत नसल्याने तो स्वतंत्रपणे वाचून घ्यावा.