पूरपट्ट्यातील ग्रामपंचायतीने मे महिन्यात करावयाची तयारी

कृष्णा, वारणा आणि पंचगंगेच्या काठच्या गावांनी २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर सोसले आहेत. त्यामुळे इथल्या ग्रामपंचायतीने तयारीचा विषय मे महिन्यातच ग्रामसभेपुढे घ्यावा.

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची इशारा पातळी ४० फूट व धोका पातळी ४५ फूट, तर कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावरची ३९ व ४३ फूट आहे. हे आकडे काठावर सर्वांना तोंडपाठ असतात, परंतु तिथे अमुक फूट पाणी असताना आपल्या गावात ते कोणत्या ओढ्याने मागे फुगते, कोणती गल्ली आधी वेढली जाते आणि बाहेर पडण्याचा शेवटचा रस्ता केव्हा बंद होतो, याची नोंद जाणत्या माणसांना विचारून कागदावर उतरवावी व ती चावडीवर लावावी.

स्थलांतराच्या यादीत जनावरे धडधाकट माणसांच्या आधी धरावीत, असे माझे ठाम मत आहे. दावणीला म्हैस बांधलेली असताना घरधनी उंबरा सोडत नाही, आणि तो थांबला की घरची म्हातारी माणसेही थांबतात. म्हणून जनावरांची छावणी कोठे, वैरण कोण पुरवणार आणि वाहने कोणाची, हे इशारा पातळीपूर्वीच ठरलेले असावे. जनावरांना घटसर्प व फऱ्या या रोगांच्या लसी पावसाळ्यापूर्वी टोचून घ्याव्यात. गरोदर स्त्रिया, अंथरुणाला खिळलेले रुग्ण आणि डायलिसिसवर असलेल्यांची नावे आशा सेविकांकडून घेऊन त्यांना सर्वांत आधी हलवावे.

८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसलेली बोट उलटून अनेकांचे प्राण गेले, हे कोणत्याही ग्रामपंचायतीने विसरू नये. बोटीचे इंजिन मे महिन्यात पाण्यात चालवून पाहावे, जितकी माणसे तितकी लाइफ जॅकेट असावीत, आसनसंख्या बोटीवर ठळक रंगवावी आणि गर्दीला नाही म्हणण्याचा अधिकार एका नेमलेल्या व्यक्तीकडे लेखी द्यावा.

जॅकवेल, म्हणजे नळयोजनेसाठी पाणी उपसण्याची नदीकाठची विहीर, बुडाली की नळ बंद पडतो, तेव्हा टँकरची सोय व पाणी शुद्ध करण्याच्या टीसीएल (ब्लिचिंग) पावडरचा साठा आधीच करावा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक घरोघरी पोहोचवावा. पुरानंतरचे पंचनामे अडू नयेत यासाठी प्रत्येक घराचे व गोठ्याचे छायाचित्र मिळकत क्रमांकासह काढून त्याची एक प्रत तालुक्याला, पूररेषेबाहेर ठेवावी.